बिनगोळीमामांची शिट्टी

प्राणिबागेत त्यांना सगळे बिनगोळीमामा म्हणायचे. बावीस वर्षं बागेची बंदूक सांभाळली आणि एकाही जनावरावर एकही गोळी झाडली नाही, असा माणूस. "मामा, एव्हाना नळीत कोळ्यानं संसार थाटला असेल," असं कुणी चिडवलं की मामा म्हणायचे, "थाटू दे की. तो सुखात आहे तोवर आपण सुखात."

तसे ते कोठारातले. चारा, झाडू, फिनेल, औषधं, बादल्या, सगळं त्यांच्या ताब्यात. बंदूक ही वरची जबाबदारी. कोठाराच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट, त्यात ती उभी, आणि कपाटाची किल्ली मामांच्या कमरेला. बागेच्या नियमावलीत लिहिलं होतं की जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका झाला आणि दुसरा इलाज उरला नाही, तर बंदूकधाऱ्यानं गोळी चालवावी. एवढं लांबलचक कोण म्हणतो? बागेत त्याला 'तो दिवस' म्हणायचे. "मामा, तो दिवस आला तर हात कापायचा नाही ना?" आणि मामा हसायचे. हसून झालं की मात्र कमरेची किल्ली चाचपायचे. मनाशी त्यांना पक्कं ठाऊक होतं की तो दिवस एकदा येणार.

बावीस वर्षांतली शेवटची सहा वर्षं वेगळी होती. कारण सहा वर्षांपूर्वी मामांच्या एकुलत्या एक लेकीनं लग्न ठरवलं ते अस्वलांच्या कीपरशी. बागेतल्याच माणसाशी! मामांनी आधी कपाळाला हात लावला. मुलगा नाकासमोर चालणारा, निर्व्यसनी, कामाला वाघ. पण काम काय, तर रोज सकाळी अस्वलांच्या आवारात शिरून झाडायचं. मामा लेकीला म्हणाले, "अगं, जगात दुसरी माणसं नव्हती का?" ती म्हणाली, "बाबा, ते आत असतात तेव्हा वर कोण असतं? तुम्हीच ना? मग मला कसली भीती?"

झालं. त्या एका वाक्यानं मामा बांधले गेले ते कायमचे.

अस्वलांच्या आवाराची रीत अशी होती. आवाराला मागे दगडी कोठडी, तिला बाजूला सरकणारी लोखंडी झडप. सकाळी सातला दोन्ही अस्वलिणींना खाणं दाखवून कोठडीत घ्यायचं, झडप लावायची, भोकातून डोकावून मोजायचं. मग जावई आवाराच्या फाटकाशी येऊन ओरडायचा, "दोघी आत!" आणि हात वर करायचा. समोर नव्वद मीटरवर पाण्याची टाकी. तिच्या गच्चीवर मामा बंदूक घेऊन बसलेले. त्यांनी दुर्बिणीतून आवार बघायचं, सगळं ठीक वाटलं तर एक लांब शिट्टी द्यायची. शिट्टी ऐकल्याशिवाय कीपरनं आत पाऊल टाकायचं नाही. ती शिट्टी म्हणजे मामांचा शब्द होता: मी तयार आहे, बंदूक तयार आहे, तू जा.

आता ती दुर्बीण म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बंदुकीवरच्या दुर्बिणीत एक बारीक काळी फुली असते. फुली जिथे, गोळी तिथे, असं सगळ्यांना वाटतं. मामांना शिकवणारा म्हातारा उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "फुली खोटं बोलते. ती कधी खोटं बोलते ते ओळखायला शीक, बाकी नेमबाजी माकडालाही येईल." मग त्यानं मामांना खिडकीशी उभं केलं. "हा गज बघ, आणि गजाच्या मागे रस्त्यापलीकडचा तो दिव्याचा खांब. आता डोकं डावीकडे ने. गज खांबाच्या उजवीकडे सरकला की नाही? गज हलला नाही, खांब हलला नाही, हललास तू. दोघं वेगवेगळ्या अंतरावर आहेत, म्हणून हे नाटक. गज नेऊन खांबालाच चिकटवला तर? मग नाच पाहिजे तेवढा, दोघं एका जागीच दिसतील."

दुर्बिणीत तेच होतं. फुली असते आतल्या काचेवर, आणि लांबचं चित्र पडतं आतच, पण तिच्या मागे नाहीतर पुढे. दोन्ही एका जागी पडली नाहीत, तर डोळा जरा वरखाली झाला की फुली निशाण्यावरून सरकते. त्याला पॅरलॅक्स म्हणतात. मामा म्हणायचे, "फुली पोहायला लागली." तिचं पोहणं थांबवायला दुर्बिणीच्या डाव्या अंगाला एक चाक असतं. त्यावर अंतराचे आकडे असतात, पण उस्तादानं बजावलं होतं की आकड्यांवर जाऊ नकोस, चित्र साफ दिसतंय यावरही जाऊ नकोस. बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेव, तिला हात लावू नकोस, आणि मान हळूच वरखाली कर. फुली पोहली तर चाक फिरव. फुली खिळ्यानं ठोकल्यासारखी जागच्या जागी राहिली की थांब.

मामांनी तसंच केलं होतं. टाकीवरून एकेका आवाराचं अंतर धरून, मान हलवून हलवून, चाकाची नेमकी जागा शोधली आणि तिथे लेकीच्या नखांना लावायच्या रंगाचे ठिपके दिले. लाल ठिपका अस्वलांचा, गुलाबी बिबट्याचा, जांभळा हत्तीच्या मैदानाचा. लेक तेव्हा शाळेत होती. "बाबा, माझ्या बाटल्या संपवताय!" म्हणून रुसली होती. तरीही ठिपक्यावर विसंबून मामा कधी राहिले नाहीत. रोज सकाळी लाल ठिपका दुर्बिणीवरच्या रेघेसमोर आणायचा, आणि वर तीनदा मान हलवून खात्री करायची. मगच शिट्टी. बागेतले लोक म्हणायचे, "मामा बंदुकीला नमस्कार करतात."

आणि मग चार महिन्यांपूर्वी मान धरली.

आधी नुसती लचक वाटली. मग एका सकाळी मामा उठले तर मान म्हणजे लाकडाचा ओंडका. डॉक्टरांनी फोटो काढला, मणके घासलेत म्हणाले, गळ्यात पट्टा दिला, आणि मान हलवायची नाही, वजन उचलायचं नाही, म्हणून तंबी दिली. मामी म्हणाल्या, "अहो, साहेबांना सांगून टाका. दुसरा कुणी बसेल बंदुकीवर."

"दुसरा कोण? तो कारकून? त्याला पेनाचं टोपण नीट बसवता येत नाही."

"मग शिकवा त्याला."

"शिकेपर्यंत आत कोण जाणार आहे रोज? आपला जावई. तोवर वर कोण बसेल?"

मामी उठून आत गेल्या. मामांना वाटलं, आपण जिंकलो. माणूस स्वतःला फसवायला निघाला की त्याच्याइतका हुशार वकील नाही मिळायचा! खरं सांगायचं तर त्यात जावयाची काळजी होती तेवढीच बावीस वर्षांची ऐटही होती. किल्ली कमरेवरून काढून द्यायची म्हणजे मी संपलो असं सांगायचं. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातून निघताना पट्टा गळ्यात, बागेच्या अलीकडच्या वळणावर काढून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. संध्याकाळी परत गळ्यात. लेकीलासुद्धा सांगितलं नाही. मामींना शपथ घातली.

पण मान खाली जात नव्हती त्याचं काय? मामांनी बंदूकच वर आणली. गच्चीच्या कठड्यावर दोन पिशव्या असायच्या, त्यांवर तिसरी ठेवली, आणि खाली स्टूल घेऊन ताठ बसायला लागले. बंदूक जराशी जास्तच वर आली. डोळा काचेच्या मधोमध न येता खालच्या कडेनं बघायचा. आणि तीनदा मान हलवायची ती हलवल्यासारखं करायचे. खालून बघणाऱ्याला वाटावं, मामांचा नमस्कार चालू आहे. ठिपके तर बरोबर आहेत, बावीस वर्षांत कधी चुकले नाहीत, मग उगाच मान कशाला मोडून घ्यायची?

त्यात एक दिवस चाक अडकायला लागलं. मामांनी शहरातल्या दुर्बीणवाल्याला बोलावलं. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. कोठारातल्या टेबलावर बसून त्यानं दुर्बीण बंदुकीवरून न काढता नुसती चाकाची ठिपके असलेली टोपी काढली, आत जुनं वंगण सुकलं होतं ते पुसलं, नवं लावलं, टोपी बसवली, तीन चिमुकले स्क्रू आवळले. चाक लोण्यासारखं फिरायला लागलं. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "टोपी काढून बसवली आहे. खुणा तेवढ्या एकदा जुळवून घ्या."

"घेतो, घेतो," मामा म्हणाले.

"आजच घ्या."

"अहो, बावीस वर्षं हेच करतोय मी."

तो गेला. मामा वर गेले, लाल ठिपका रेघेसमोर आणला, दुर्बिणीला डोळा लावला. आवारातली पाण्याची कुंडी जरा धुरकट दिसली. हात मानेकडे गेला. मान हलवून बघायला हवं, हे कळत होतं. पण त्या दिवशी दुखणं कानापर्यंत चढलं होतं. मामांनी डोळ्याजवळची काच थोडी फिरवली. कुंडी साफ झाली, फुलीच्या कडांवर तेवढी लव आल्यासारखी वाटली. वय झालं, मामा स्वतःशी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. उद्या बघू. सरावाला मैदानावर जायचं ते पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, तेव्हा तर सगळं बघायचंच आहे.

उद्या गेला, परवा गेला. नऊ दिवस मामा शिट्टी देत राहिले आणि नऊ दिवस जावई आत जात राहिला.

याच दिवसांत जावई एकदा जेवताना म्हणाला होता, "मामा, झडपेचा दोर बघितलात का? तीन पीळ तुटलेत." झडप बंद राहायची ती वजनाच्या ओढीवर. तारेचा दोर कप्पीवरून गेलेला, त्याला लोखंडी वजन लटकवलेलं. कडीही होती, पण ती इतकी झिजलेली की वाऱ्यानंही निघाली असती. जावयानं वहीत दोनदा लिहून दिलं होतं. साहेबांनी दोन्ही वेळा खाली सही केली होती. साहेबांची सही फार सुरेख यायची. दोर मात्र आला नाही.

"अरे, मग आत कशाला जातोस?" मामा म्हणाले.

"झाडायला नको? घाणीत ठेवायचं का त्यांना?" जावई हसला. "आणि तुम्ही आहात की वर."

मामांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. आत्ता सांगावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पट्टा तिथेच हाताशी, पिशवीत होता. पण तेवढ्यात बादल्या आला. बादल्या म्हणजे अस्वलांचा दुसरा कीपर, दोन्ही हातांत सदा बादल्या म्हणून बादल्या. त्यानं काहीतरी विनोद केला, सगळे हसले, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

दहाव्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळे म्हणायला लागले की त्या दिवशी सकाळपासूनच काहीतरी विपरीत वाटत होतं. काही वाटत नव्हतं. माकडं रोजच्यासारखी भांडत होती. जावयानं कोठडीत दोघींना घेतलं: थोरली आणि धाकटी. थोरली अठरा वर्षांची. पिल्लू म्हणून आली तेव्हा तिला कोठारातच ठेवली होती, आणि मामांनी आपल्या हातानं बाटलीतून दूध पाजलं होतं. अजूनही मामांचा वास आला की ती जाळीला नाक लावून घुमायची.

"दोघी आत!" जावयानं हात वर केला.

मामांनी ठिपका लावला, डोळा लावला, नमस्काराचं नाटक केलं, आणि शिट्टी दिली.

जावई झाडू आणि पाण्याची नळी घेऊन आत गेला. फाटकाशी बादल्या उभा. पाच मिनिटं गेली असतील. जावई कोठडीकडे पाठ करून फरशी धुत होता, पाण्याचा आवाज जोरात. आणि मामांना वरून दिसलं की झडपेवरचं वजन एकदम खाली गेलं. आवाज नंतर आला, टाण्णकन. दोर तुटला होता.

झडप वीतभर सरकली. मग हातभर. मग तिच्यातून एक काळं डोकं बाहेर आलं, आणि खांद्यानं झडप ढकलत थोरली आवारात उतरली.

"मागे बघ!" बादल्या ओरडला. जावयानं वळून बघितलं, नळी टाकली आणि फाटकाकडे धावला. ओल्या फरशीवर चार पावलं, पाचव्याला पाय सटकला, आणि तो तोंडावर पडला. कीपर लोकांना शिकवलेलं असतं: पडलात तर उठू नका, पालथे राहा, हात मानेवर घ्या, मेल्यासारखे पडा. तो तसाच पडला. थोरली जवळ आली. हुंगलं. एक पंजा त्याच्या पाठीवर ठेवून उभी राहिली.

मामांची फुली तिच्या खांद्यावर होती. बोट चापावर नव्हतं. जाईल ती, मामा मनात म्हणत होते, जाईल, शहाणी आहे माझी बाई, हुंगेल आणि जाईल.

तेवढ्यात बादल्यानं बिचाऱ्यानं जे करायचं तेच केलं, बादली फाटकावर बडवायला सुरुवात केली. नियमच तसा होता. पण थोरली बिथरली. घशातून गुरगुरली, आणि खाली वाकून तिनं जावयाचा खांदा तोंडात धरला. जावई ओरडला. एकदाच. मग गप्प.

"सोड गं!" मामा किंचाळले आणि स्टुलावरून अर्धे उठले. मान हलेना, म्हणून अख्खा माणूस हलला. बंदूक पिशव्यांवर तशीच घट्ट होती, डोळा काचेवर होता, आणि डोळा खालून वर गेला तशी फुली थोरलीच्या खांद्यावरून घसरली, चार बोटं खाली, आणखी खाली, आणि जावयाच्या मानेवर जाऊन थांबली.

बंदूक हलली नव्हती. अस्वल हललं नव्हतं. फुली पोहत होती.

ठिपका रेघेसमोर होता, लाल, बरोब्बर समोर, आणि तो खोटा होता. खुणा तेवढ्या जुळवून घ्या. आजच घ्या. म्हणजे खालच्या कडेनं बघत आत्ता चाप ओढला असता, तर फुली दिसली असती अस्वलाच्या खांद्यावर आणि गोळी लागली असती चार बोटं खाली. खाली कोण होतं ते मामांना दिसत होतं. लेकीचा नवरा होता.

चाक फिरवून बघायचं? किती फिरवायचं, कुठे थांबायचं, आणि तोवर खाली काय होईल? नुसतं मधोमध बघावं म्हटलं, तर मधोमध म्हणजे नक्की कुठे? आणि तेव्हा त्यांना उस्तादाचं शेवटचं बोलणं आठवलं, मैदानावर चहा पिता पिता सहज सांगितलेलं, बावीस वर्षांत एकदाही न लागलेलं. "चाक दगा देईल तेव्हा काय करशील? डोळा मागे घे. घेत जा, चित्राभोवती काळं कडं येईपर्यंत. कडं एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल, तर तुझा डोळा बाजूला आहे. चहूबाजूंनी सारखं झालं की डोळा बरोबर मध्यावर आला. मग चाक कुठेही असू दे. मध्यावरून बघणाऱ्याशी फुली खोटं बोलू शकत नाही."

मामांनी स्टूल पायानं ढकललं. वाकलेल्या गुडघ्यांवर उभं राहून डोळा मागे घेतला. काळं कडं आलं, खाली जाड, वर बारीक. गुडघे किंचित सरळ केले. सारखं झालं. आता फुली थोरलीच्या छातीच्या खालच्या कडेशी होती, जावयाच्या बोटांच्या जवळ. मामांनी बंदुकीचा दस्ता कणभर दाबला, नळी वर आली, फुली खांद्यामागे गेली. कडं बघितलं. सारखं. श्वास अर्धा सोडला.

"माफ कर गं बाई," मामा म्हणाले, आणि बावीस वर्षांत जनावरावरची पहिली गोळी झाडली.

थोरली उभ्या जागी बसली. मग एका अंगावर कलंडली. बादल्या आणि आणखी दोघे धावत आत गेले, आधी झडप रेटून धरली, मग जावयाला ओढून बाहेर काढला. तो हलत होता. मामांनी बघितलं की तो हलतोय, आणि मगच डोळा काचेवरून काढला.

अर्ध्या तासानं साहेब गच्चीवर आले. चेहरा पांढरा, पण आवाज मोठा. "मामा, शाबास! आज बिनगोळी नाव पुसलंत!" मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की साहेब पुढचं वाक्य गिळून खाली गेले. कोठडीत धाकटी रडत होती. अस्वल रडतं का, असं कुणी विचारलं तर त्याला त्या दिवशी बागेत आणायला हवं होतं. मामाही रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता. अठरा वर्षांपूर्वीची दुधाची बाटली कोठाराच्या फळीवर अजून होती.

बंदूक चौकशीसाठी जमा करायची होती. त्याआधी मामांनी ती पुन्हा पिशव्यांवर ठेवली आणि कुंडीवर फुली धरली. मग मान ताठ ठेवून नुसते गुडघे वाकवले आणि सरळ केले. फुली कुंडीच्या काठावरून अर्धी वीत पोहली. चाक फिरवत गेले, फिरवत गेले. फुली ठोकल्यासारखी थांबली तेव्हा लाल ठिपका रेघेपासून चांगला दोन बोटं लांब होता. टोपी जराशी फिरून बसली होती, इतकंच. मान नाही हलली तर गुडघे हलवायचे, एवढं साधं बावीस वर्षं बंदूक सांभाळलेल्या माणसाला सुचू नये? रोज सकाळी दहा सेकंदांचं काम होतं.

संध्याकाळी मामा दवाखान्यात गेले. जावयाच्या खांद्याला आणि पाठीला टाके पडले होते, हात गळ्यात बांधलेला, पण डॉक्टर म्हणत होते हात वाचेल. लेक उशाशी बसलेली, डोळे सुजलेले. सगळे भेटायला येऊन गेले होते आणि सगळे एकच बोलून गेले होते: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. लेकीनं उठून बापाचा हात दोन्ही हातांत धरला.

जावई हळू आवाजात म्हणाला, "मामा, मी हललो नाही. दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं."

"दात लागले तेव्हा वाटलं, उठावं आणि पळावं. पण तुमची शिट्टी ऐकली होती. म्हटलं, मामा वर आहेत. आपण हललो तर त्यांचा नेम चुकेल. मग पडून राहिलो." तो हसायला गेला आणि कण्हला. "माझं काम सोपं होतं. नुसता भरवसा ठेवायचा."

मामांनी मोकळा हात डब्याच्या पिशवीत घातला, पट्टा बाहेर काढला, आणि लेकीच्या समोर तसाच एका हातानं गळ्यात चढवला.

"हे काय, बाबा?"

मामांनी सांगितलं. मान, डॉक्टर, वळणावर काढून ठेवायचा पट्टा, तिसरी पिशवी, दुर्बीणवाला, ठिपका, चार बोटं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. जावई छताकडे बघत राहिला. लेकीनं ऐकता ऐकता बापाचा हात सोडला. रागानं झटकला नाही, नुसता सोडला.

"कधीपासून आहे मान अशी?" तिनं विचारलं.

"चार महिने."

"चार महिने," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या खांद्याकडे बघितलं, आणि पुन्हा बापाकडे. "आणि शिट्टी रोज देत होतात?"

मामांना मान खाली घालायची होती. पट्ट्यानं ती घालू दिली नाही. तिच्या डोळ्यांत बघतच त्यांना बोलावं लागलं.

"हो," मामा म्हणाले. "रोज."